गॅरेजातलं स्वयंपाकघर

बोर्बांच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. एक वापरायचं आणि एक पुसायचं.

पुसायचं ते घराच्या आत होतं. तिथे ओक लाकडाची कपाटं होती, दुधी रंगाचा ओटा होता आणि एक शेगडी होती. तिच्या भट्टीच्या दारावरचं दुकानाचं लेबल तीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं, कारण ती अजून नवी होती. वापरायचं स्वयंपाकघर गॅरेजात. कॅलिफोर्नियातल्या टर्लॉकमध्ये पोर्तुगालच्या आसोरेस बेटांवरून आलेल्या लोकांच्या ज्या गल्ल्या आहेत, तिथे सगळ्यांचंच असं. गाड्या उन्हात, माणसं गॅरेजात आणि घर पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे आले की तेही गॅरेजातच बसत, कारण जेवण तिथे असे.

अदेलीनो बोर्बाने जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि त्याच्या बायकोने, फिलोमेनाने, जन्मभर त्या गॅरेजात रांधलं. लांबलचक टेबल, त्यावर लिंबांच्या चित्रांचं प्लास्टिक, भिंतीवर काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त, ख्रिस्ताखाली टीव्ही आणि टीव्हीखाली पिठाचं पिंप. आठवड्यातून एकदा ती गोड पावाचं पीठ मळायची आणि रोज गुडघ्यांवर बसून जमीन घासायची. जमीन म्हणजे नुसतं सिमेंट, पण त्यात तोंड पाहून दाढी करता आली असती. अदेलीनो दारात आला की ती मान वर न करता एकच शब्द बोलायची, "बूट." तो बूट काढायचा. त्यांच्या संसारातला निम्मा संवाद एवढाच होता, आणि दोघांचंही त्यावर छान चाललं होतं.

मग तिला विसरायला होऊ लागलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग वार गेले, मग झोपायची खोली गेली. ती पलंगाच्या काठावर मांडीवर पर्स घेऊन बसायची आणि म्हणायची, "अदेलीनो, हे हॉटेल आपल्याला परवडायचं नाही." गॅरेज मात्र तिच्याकडून गेलं नाही. तिथे कुठला खण अडकतो, मीठ कुठल्या बरणीत, सगळं हाताला ठाऊक. तिथे ती अदेलीनोलाही ओळखायची, कारण तो कुठल्या खुर्चीवर बसतो ते ठरलेलं होतं. शेवटी त्याने पलंगच गॅरेजात आणून टाकला, फ्रिज आणि कपडे धुण्याच्या यंत्राच्या मधोमध.

तिच्याजवळ दिवसभर ओडीलिया असायची. ही दोन घरं पलीकडची विधवा बाई. कामाचा पगार घ्यायची आणि सल्ला फुकट द्यायची, त्यामुळे सल्ला जास्त मिळायचा. तिचा पगार निघत होता तो घराच्या उचल खात्यातून. गावात घरांचे भाव फुगत होते तेव्हा बँकेतल्या एका गोऱ्यागोमट्या पोराने अदेलीनोला समजावलं होतं, की काका, तुमचं घर नुसतं बसून आहे, त्याला कामाला लावा. म्हणजे घर तारण ठेवायचं, त्याची जी किंमत असेल त्यातून जुनं कर्ज वजा करायचं आणि उरलेल्यातून लागेल तसे पैसे उचलायचे. अदेलीनोने सही केली आणि ते खातं गाडीतल्या जादाच्या चाकासारखं विसरून गेला. फिलोमेना आजारी पडल्यावर चाक बाहेर काढलं.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात बँकेचं पत्र आलं. तुमच्या घराची किंमत लक्षणीय घटल्यामुळे उचल थांबवण्यात येत आहे. घर पाहायला कुणी आलं नव्हतं. कुठल्यातरी शहरातल्या कुठल्यातरी संगणकाला वाटलं, एवढंच.

"संगणकाला वाटलं म्हणजे काय?" ओडीलिया म्हणाली. "मला पण रोज वाटतं माझा नवरा आळशी होता म्हणून. त्याचं पेन्शन नाही थांबवलं कुणी."

अदेलीनोची मुलगी नतालिया फ्रेस्नोला शाळेच्या कचेरीत होती. तिने बँकेला फोन लावला. फोनवर थांबवून ठेवतात तेव्हाचं संगीत तिने इतके दिवस ऐकलं, की कांदा चिरताना ती तेच गुणगुणायला लागली. अखेर एक जिवंत बाई सापडली आणि तिने मार्ग सांगितला. फेरतपासणीचा अर्ज करायचा, फी भरायची, बँक आपला मूल्यमापक पाठवेल. त्याने घराची किंमत पुरेशी लावली तर खातं उघडेल. नाही लावली तर फी परत मिळणार नाही.

उचल बंद म्हणजे ओडीलिया बंद, आणि ओडीलिया बंद म्हणजे हायवेजवळचं ते शुश्रूषागृह, ज्याच्या दाराला आतून कडी नाही. अदेलीनोच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी फिलोमेनाला तिथे दोन दिवस ठेवलं होतं. दोन्ही दिवस ती अंगात कोट घालून बस येण्याची वाट पाहत बसली. बसमध्ये खायचं नसतं म्हणून जेवली नाही. तिला परत आणताना अदेलीनोने गाडीत तिला शब्द दिला होता की पुन्हा नाही. ती विसरली. तो विसरला नव्हता, ही त्याची अडचण होती.

सल्ल्यासाठी चुलतभाऊ झेफेरीनोला बोलावलं. हा मागच्या वर्षापर्यंत घरं विकायचा, आता गाद्या विकत होता, आणि धंदा एकच आहे असं म्हणायचा. त्याने गॅरेजात शिरून चौफेर नजर टाकली, सॉसेज घातलेलं सूप दोनदा मागून घेतलं आणि मग निकाल दिला.

"हे गॅरेज नाही."

"मग काय आहे?"

"गुन्हा आहे. नगरपालिकेची परवानगी नाही, गॅसची नळी तू स्वतः ओढलेली, आणि शेगडीपासून चार हातांवर आजारी बाईचा पलंग. मूल्यमापक फोटो काढतो, अदेलीनो. बँक हा फोटो बघेल आणि खातं सोड, तुला जेलात पाठवायचं का अग्निशमन दलात, यावर बैठक घेईल."

"सगळ्या गल्लीचं असंच आहे."

"सगळ्या गल्लीने अर्ज नाही केलेला."

तेव्हा गॅरेजाचं एका दिवसापुरतं गॅरेज करायचं ठरलं. सामान काढायचं, गॅसची नळी बंद करायची, अदेलीनोची गाडी आत घ्यायची. प्रश्न एवढाच, की एवढं स्वयंपाकघर आणि त्यातली बाई न्यायची कुठे. झेफेरीनो म्हणाला घरात बसवा. नतालियाने फिलोमेनाला घरात बसवून पाहिलं. ती पर्स घेऊन दारात उभी राहिली आणि मॅनेजरला बोलवा म्हणाली.

उपाय शेजारी होता. पलीकडचं घर ड्वेन पिकेटचं. हप्ते थकले, बँकेने घर घेतलं, ड्वेन बहिणीकडे आयडाहोला गेला. जाताना त्याने अदेलीनोला गॅरेजच्या दाराचा रिमोट दिला होता, झाडाची लिंबं काढत जा म्हणून. बँकेने पुढच्या दाराचं कुलूप बदललं, मागच्या दाराचं बदललं, खिडक्यांवर नोटिसा चिकटवल्या. रिमोटचा विचार कुणी केला नाही. वीजही चालूच होती, कारण ती बंद करायला कुणाची तरी सही लागते आणि सही करणाऱ्यालाच बँकेने काढून टाकलं होतं. एकाच बिल्डरची घरं, त्यामुळे ड्वेनचं गॅरेज म्हणजे बोर्बांचंच गॅरेज, आरशात पाहिलेलं.

"म्हणजे बँकेपासून लपवायचं सामान बँकेच्याच घरात," नतालिया म्हणाली.

"तिथे ते शोधणार नाहीत," झेफेरीनो म्हणाला. "स्वतःच्या घरात काय आहे हे त्यांना माहीत असतं तर ही वेळ आली असती का?"

राहिली हिरवळ. पाणी तोडल्यामुळे ड्वेनच्या अंगणातलं गवत वाळून पुठ्ठ्यासारखं झालं होतं आणि शेजार मेलेला दिसला की आपल्या घराची किंमत पडते. त्या उन्हाळ्यात टर्लॉकच्या दुकानांत गवताचा रंग मिळायचा. अदेलीनोने दोन डबे आणले आणि पाठीवर फवारणीचा पंप अडकवून मेलेल्या गवताला रंग दिला. टँकर चालवताना तो दुतर्फा गवताची कुरणं बघत आला होता, त्यामुळे छटा अगदी बरोबर साधली. दुपारी त्याने ओल्या रंगावरून चालत येऊन गॅरेजात पाय टाकला. फिलोमेना मान वर न करता म्हणाली, "बूट." त्याने काढले. तळवे हिरवे झाले होते.

मूल्यमापक यायचा त्या सकाळी सगळे लवकर जमले. टेबल गेलं, ख्रिस्त गेला, टीव्ही, पिंप, पलंग, नळी तोडलेली शेगडीसुद्धा गेली. फिलोमेनाच्या हातात ओडीलियाने पिठाची परात दिली होती. परात हातात असली की ती कुणाच्याही मागे जायची. दोन अंगणं ओलांडून ती ड्वेनच्या गॅरेजात शिरली, टेबलाशी बसली, लिंबांच्या प्लास्टिकवरून एकदा हात फिरवला आणि पीठ मळायला लागली. डावं ते उजवं झालं होतं. ते तिच्या लक्षात आलं असलं तरी तिने बोलून दाखवलं नाही.

इकडे रिकाम्या गॅरेजात झेफेरीनोने भिंतीवर दाताळी आणि फावडी टांगली, नाताळच्या दिव्यांचे खोके रचले. नतालियाने घरून व्यायामाची मोडकी सायकल आणली होती, कारण तिच्याशिवाय कुठलंही गॅरेज खरं वाटत नाही. अदेलीनोची गाडी तीस वर्षांत पहिल्यांदा आत आली आणि अवघडून उभी राहिली.

झेफेरीनो दारात उभा राहून मान हलवत होता. "जमीन," तो म्हणाला.

"काय झालं जमिनीला?"

"अरे, इथे ऑपरेशन करता येईल. कुणाच्या गॅरेजची जमीन अशी असते? ऑइल सांड."

अदेलीनोने इंजिनाचं जुनं ऑइल एका डब्यात आणलं आणि गाडीच्या नाकाखाली उकिडवा बसला. बराच वेळ बसला. नतालिया म्हणाली, "पप्पा, मी ओतू का?" तो नको म्हणाला. बूट काढून बाजूला ठेवले, मग ओतलं. डाग आधी हाताएवढा होता, मग परातीएवढा झाला, मग त्याला हवा तेवढा पसरला.

मूल्यमापकाचं नाव लाइल हॅच. उंच, वाकलेला आणि सुतकी चेहऱ्याचा माणूस. त्याने आयुष्यभर लोकांना त्यांच्या घराची किंमत सांगितली होती आणि गेली दोन वर्षं ती कुणालाच आवडत नव्हती. त्याने घर मोजलं. आतल्या स्वयंपाकघरात तो थबकला, भट्टीच्या दारावरचं लेबल वाचलं. गॅरेजात आला, डाग पाहिला, सायकल पाहिली. मग नाक वर करून वास घेतला. लसूण, यीस्ट, दालचिनी, तीस वर्षांचं सगळं भिंतींत मुरलेलं होतं.

"गाडीला कुठलं ऑइल घालता?" त्याने विचारलं.

"साधंच," अदेलीनो म्हणाला.

हॅचने फोटो काढला. मग रस्त्यावरून दोन्ही बाजूंच्या घरांचे फोटो घ्यायला बाहेर पडला, आणि अदेलीनो त्याच्या मागे. ड्वेनच्या गॅरेजचं दार उकाडा होतो म्हणून ओडीलियाने सताड उघडलं होतं. आत टेबलाशी एक म्हातारी पीठ मळत बसली होती. तिने हॅचला पिठाचा हात हलवून दाखवला.

"शेजारचं घर रिकामं आहे, असं माझ्या कागदात आहे," हॅच म्हणाला.

अदेलीनोने घसा खाकरला. "नाही. राहतात तिथे. एक बाई आहेत."

"ओळखीच्या?"

"येता-जाता दिसतात."

हॅच हिरवळीवरून तडक तिकडे निघाला. त्याचे तपकिरी बूट अंगणाच्या टोकाला पोचेपर्यंत हिरवे झाले. त्याने खाली पाहिलं. "या आठवड्यातलं हे चौथं," तो म्हणाला. "तुमच्याकडचा रंग तरी गवताचा वाटतो. मोडेस्टोला एकाने निळा मारलाय." आणि पुढे चालू लागला.

ओडीलियाने त्यांना येताना पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिला काही सुचलं नाही. फिलोमेनाने मात्र हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. पाव व्हायला वेळ आहे, तोवर कॉफी घ्या म्हणाली. हॅचने विचारलं, इथे किती वर्षं राहता?

"लग्न झाल्यापासून. दुसरीकडे कुठे राहणार?"

"शेजार कसा आहे?"

फिलोमेनाने अदेलीनोकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"हे पलीकडचे," ती हॅचला म्हणाली. "माणूस सज्जन आहे. बायको बरी नसते बिचाऱ्याची."

हॅचने वहीत काहीतरी लिहिलं, दारातून तिचा आणि घराचा एक फोटो काढला, कॉफी उभ्याउभ्याच प्यायला आणि गेला.

त्याची गाडी वळणापलीकडे गेली तशी ओडीलिया खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नतालिया धावत आली, झेफेरीनो आला, प्रत्येकाने प्रत्येकाला ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. बायको बरी नसते बिचाऱ्याची. अदेलीनो तर हवेत होता. कुणी शिकवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. आपल्यावर बेतलंय हे तिला कळलं आणि ऐन वेळी तिने त्याला सावरून घेतलं, जसं पूर्वी घ्यायची. डेअरीच्या मालकाला, पाद्र्याला, कर्ज वसूल करणाऱ्यांना तिने अशाच गंभीर चेहऱ्याने गुंडाळलं होतं. कुठेतरी आत ती होती. त्याने झेफेरीनोला वाइन आणायला पिटाळलं.

ऊन कलल्यावर सामान परत न्यायला सुरुवात झाली. झेफेरीनोने टीव्ही उचलला, नतालियाने ख्रिस्त. अदेलीनो टेबलाशी आला.

"चल मेना, घरी जाऊ. फत्ते केलंस."

ती खुर्चीतून उठली नाही. "टीव्ही कुठे नेतायत ते?"

"घरी. मेना, गेला तो माणूस. आता नाटक पुरे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती, शेजाऱ्याशी असावा तेवढा आदर होता. "तुमची काहीतरी गफलत होतेय," ती हळू म्हणाली. "हे माझं घर आहे. तुमचं ते पलीकडचं."

ओडीलियाचं हसू तोंडावरच राहिलं. नतालिया ख्रिस्त छातीशी धरून उभी होती. तिने तो सावकाश टेबलावर ठेवला.

परात पुढे धरून तिला परत आणावं लागलं. बोर्बांच्या गॅरेजच्या दारात ती अडली. टेबल जागेवर होतं, प्लास्टिक होतं, सगळं पूर्वीसारखं लावलं होतं. तिने जमिनीकडे पाहिलं. गाडी बाहेर काढली होती आणि मधोमध तो काळा डाग होता.

"बघा," ती म्हणाली. आवाजात विजय नव्हता, फक्त समजावणी होती. "माझ्या जमिनीवर डाग नाही."

ती खरं बोलत होती.

डाग घालवायला अदेलीनोने सगळं केलं. मांजरांच्या शौचासाठी मिळते ती शोषक माती पसरली, साबण, सोडा, लोखंडी ब्रश, झेफेरीनोने आणलेलं कुठलंसं आम्ल. गुडघ्यांवर बसून तिच्यासारखं घासलं. सिमेंटने तीस वर्षं काही प्यायलं नव्हतं, ते सगळं ऑइल एका घोटात प्यायलं होतं. डाग फिका झाला, गेला नाही. त्यावर चटई टाकली तर फिलोमेना चटईचा कोपरा उचलून बघायची आणि पुन्हा सोडून द्यायची. कधीकधी ओडीलिया तिला चोरून रिमोटने ड्वेनच्या गॅरेजात नेऊन बसवायची. तिथे काहीही नव्हतं, नुसत्या भिंती, पण जमीन स्वच्छ होती. ती शांत बसायची.

तीन आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. उचल पूर्ववत. नतालियाने अहवाल मागवून घेतला होता, तो तिने टेबलाशी बसून वाचून दाखवला. घराची अवस्था उत्तम. आतलं स्वयंपाकघर जणू न वापरलेलं. गॅरेज, दोन गाड्यांचं. शेजारचं घर, संगणकाच्या नोंदीत रिकामं, प्रत्यक्षात वस्ती असलेलं, हिरवळ राखलेली, मालकीण बऱ्याच वर्षांपासून राहते आणि समाधानी आहे. सोबत फोटो होता. दारात फिलोमेना, पिठाचा हात उंचावून.

"म्हणजे आईच्या जोरावर मिळाली," नतालिया म्हणाली आणि फोटो उलटा ठेवला.

ओडीलियाचा थकलेला पगार निघाला. तिने तो मोजला नाही. त्या दिवशी सल्लाही दिला नाही.

मग कुणीतरी, कुठेतरी, अखेर सही केली. ड्वेनच्या घराची वीज गेली आणि रिमोट मेला. सप्टेंबरात घर विकलं गेलं. लहान मुलं असलेलं एक तरुण जोडपं राहायला आलं, भले लोक, त्यांनी रंगवलेलं गवत खणून खरं लावलं आणि गॅरेजात गाडी ठेवली. फिलोमेना खिडकीतून बघत राहायची. "आमच्या घरात माणसं आलीत," ती ओडीलियाला सांगायची. "भाडेकरू असतील. यांनी ठेवले असतील. मला विचारलं नाही."

एका दुपारी अदेलीनो बागेतून मुद्दाम चिखलाचे बूट घेऊन गॅरेजात शिरला. टेबलापर्यंत चालत गेला, प्रत्येक पाऊल उमटेल असा. फिलोमेना पीठ मळत होती. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि थांबला. तिने मान वर केली, पायांकडे पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "तुमचंच घर आहे."

त्यानंतर त्याने तिला गॅरेजात न्यायचं सोडलं. संध्याकाळी ओडीलिया तिचा हात धरून गल्लीला एक चक्कर मारायची आणि पुढच्या दाराशी आणून घंटा वाजवायची. अदेलीनो धुतलेला सदरा घालून दार उघडायचा. या, या, म्हणायचा. पाहुण्यांना बसवायची जागा एकच होती, आतलं स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी त्याने ती शेगडी पेटवली तेव्हा लेबल काढायचं राहिलं होतं. ते करपलं आणि घरभर वास सुटला.

"नवी शेगडी वाटतं," फिलोमेना म्हणाली. मांडीवर पर्स होती, कोट अंगातच होता.

"हो. आजच लावली."

तिने चांगल्या कपातून कॉफी घेतली. शेजारी ओडीलिया बशीकडे बघत बसली होती. फिलोमेनाने ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "तुमची बायको घर छान ठेवते हो. कुठे दिसत नाहीत त्या?"

"गॅरेजात असेल," अदेलीनो म्हणाला. "पीठ मळत असेल."

"मग नको बोलवायला. हात भरलेले असतात." तिने कप खाली ठेवला आणि पर्स उचलली. "निघते मी. अंधार पडेल. घरी वाट बघत असतील."

"आज इथेच राहा ना. पाहुण्यांची खोली आहे. कुणी वापरत नाही."

ती विचारात पडली. खिडकीतून पलीकडच्या घरात दिवा लागलेला दिसत होता. मुलं कुणालातरी हाक मारत होती.

"तुमच्या बायकोला विचारा आधी," ती म्हणाली. "बाईमाणसाला न विचारता ठरवू नये."

अदेलीनो उठला. मधलं दार उघडून गॅरेजात गेला आणि उंबऱ्याशी बूट काढून ठेवले. आत दिवा लावला नाही. टेबलाशी आपल्या खुर्चीमागे थोडा वेळ उभा राहिला, मग परत आला.

"चालेल म्हणाली," त्याने सांगितलं.